कोर्टं वाढली, बॅकहँड कुठाय?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय पिकलबॉलचा आहे, पण ज्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नाही त्यांनीही वाचा, कारण मुद्दा तुमच्या गावातल्या मैदानाचा आहे आणि तुमच्या पोरांचा आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत पिकलबॉल मुंबई-पुण्याची वेस ओलांडून तालुक्याच्या गावापर्यंत आला. आधी क्रिकेटचे टर्फ आले, मग त्यांच्याच कडेला निळ्या-हिरव्या रंगाची कोर्टं आली, एलईडी लाइट आले, उद्घाटनाच्या फिती आल्या. फीत कापायला कोण असतं ते सांगायला नको. फोटोत साहेबांच्या हातात बॅट असते, ती तव्यावरचं उलथनं धरावं तशी धरलेली. दुसऱ्या दिवशी बातमी: ‘शहराच्या क्रीडा वैभवात भर.’

मी पत्रकार आहे, असल्या बातम्या मीही छापतो. त्यामुळे पेपरात जे तीन कॉलममध्ये बसत नाही ते इथे लिहितोय.

माझं म्हणणं एका वाक्यात: खेळ वाढला हे कोर्ट मोजून ठरत नाही, किती पोरांना बॅकहँड येतो यावरून ठरतं. आणि त्या हिशोबाने आपल्याकडे खेळ वाढलेला नाही, भाड्याचा धंदा वाढलाय.

थांबा, लगेच कमेंट टाकू नका. आधी दोन गैरसमज बाजूला करू.

पहिला गैरसमज: हे श्रीमंतांचं परदेशी फॅड आहे. खेळ अमेरिकेतला, हे खरं. १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅककॅलम या तिघांनी घरातल्या पोरांचा कंटाळा घालवायला तो सुरू केला. पण कशावर सुरू केला? घराजवळच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. म्हणून आजही पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट बाय २० फूटच आहे, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सच्या कोर्टाएवढंच. आणि बॅडमिंटनची पाळंमुळं कुठली? इंग्रजांच्या काळात पुण्याच्या छावणीत गोरे साहेब जो खेळ खेळायचे त्याला ‘पूना’ म्हणायचे. म्हणजे या कोर्टाचं माप आपल्याच अंगणातून साता समुद्रापार जाऊन परत आलंय. हा खेळ भारतात रुजवायला सुरुवात केली तीही एका मराठी माणसाने, मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांनी कॅनडात तो पाहिला, इकडे आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तेव्हा ना टर्फ होते ना सेलिब्रिटी. त्यामुळे ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

दुसरा गैरसमज: हा आजी-आजोबांचा टाइमपास आहे. आजोबा खेळतात, आणि खेळू देत की! चांगलंच आहे. पण जगातली सगळ्यात गाजलेली महिला खेळाडू अ‍ॅना ली वॉटर्स २००७ साली जन्मलेली आहे. २०१७ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळ आलं म्हणून हे कुटुंब आजोबांकडे गेलं आणि तिथे आजोबांनीच मायलेकींना हा खेळ दाखवला. बाराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली, आईलाच जोडीदार घेऊन. अमेरिकेतल्या क्रीडा उद्योगाच्या संघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये तिथे जवळपास २ कोटी लोक हा खेळ खेळले. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत सीसीआयवर वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली. सहा संघ होते. रितेश-जेनेलियाचा पुण्याचा संघ फायनलपर्यंत गेला आणि बंगळुरूने कप नेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने या खेळाच्या एका राष्ट्रीय संघटनेला मान्यता दिली. म्हणजे प्रकरण टाइमपासच्या पुढे गेलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

गावातल्या कुठल्याही कोर्टावर संध्याकाळी अर्धा तास उभं राहा. बॉल डाव्या बाजूला आला की काय होतं ते बघा. (डावखुऱ्यांनी उजवी बाजू समजा.) नव्वद टक्के लोक गोल पळून जातात आणि फोरहँडनेच मारतात. मधली जागा उघडी पडते. समोरच्याला अक्कल असेल तर पुढचा बॉल तो तिथेच टाकतो. पॉइंट गेला. मग जोडीदारावर डोळे वटारणं, हसणं, रील बनवणं. हे वर्षभर चालतं. बॅकहँड तिथल्या तिथेच.

हे असं का होतं? शिकवायला कोणी नाही म्हणून. कोर्टावर एक पोरगा असतो. तो बुकिंग घेतो, लाइट लावतो, बॅटी भाड्याने देतो. त्याला ‘कोच’ म्हणतात. त्या पोराचा दोष नाही, त्याला तरी कोणी शिकवलंय?

बॅकहँड म्हणजे काही गूढ विद्या नाही. चार गोष्टी आहेत, इथेच सांगतो.

एक, पकड. बॅट हातोडी धरतो तशी धरायची, धार खाली, म्हणजे खिळा ठोकता येईल अशी. या पकडीत दोन्ही बाजूंचे फटके बसतात, मधे हात फिरवावा लागत नाही. जाळीजवळ बॉल इतका झपाट्याने येतो की पकड बदलायला वेळच मिळत नाही. मूठ आवळायची नाही. अंड्यासारखी धरायची नाही, पण नरडंही दाबायचं नाही.

दोन, मनगट. आपल्याकडचे बहुतेक लोक बॅडमिंटनवरून येतात. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, पिकलबॉलची बॅट साधारण २१० ते २४० ग्रॅमची. अडीच पट वजन! तिथला मनगटाचा झटका इथे मारायला गेलात तर बॉल जाळीत जातो आणि कोपर डॉक्टरकडे. ‘टेनिस एल्बो’ हे दुखणं उशिरा, अंगाच्या मागे बॉल घेऊन मनगटाने मारलेल्या बॅकहँडमधून फार वेळा येतं. हळू फटक्यात मनगट गप्प ठेवायचं, हालचाल खांद्यातून करायची.

तीन, जागा. बॉल अंगाच्या पुढे घ्यायचा. उजवा खांदा थोडा बॉलकडे वळवायचा, गुडघे वाकवायचे, बॅट मागे फार न्यायचीच नाही. कमरेत वाकून खाली हात घालणाऱ्याचा बॉल उंच उडतो आणि समोरचा तो डोक्यात हाणतो.

चार, तयारी. जाळीपासून ७ फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. त्यात उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारता येत नाही. म्हणून खेळाडू त्या रेषेच्या मागे उभे राहतात आणि सगळी लढाई तिथेच होते. तिथे उभं राहताना बॅट छातीसमोर, थोडी बॅकहँडकडे कललेली ठेवायची. का? करून बघा. आता, बसल्या जागी. बॅकहँडने तुम्ही डाव्या बाजूपासून उजव्या कमरेच्या जवळपास सगळं अंग झाकू शकता. फोरहँडने फक्त उजवी बाजू. म्हणजे ज्याला आपण ‘कच्ची बाजू’ म्हणून लपवतो, तीच या खेळात खरी ढाल आहे.

दोन हातांचा बॅकहँड हा वेगळा प्रकार आहे. अ‍ॅना ली वॉटर्समुळे तो फार गाजला. खालच्या हाताने फक्त दिशा द्यायची, जोर वरच्या हाताने, म्हणजे जणू डाव्या हाताचा फोरहँड. बॉल स्थिर जातो, जोर मिळतो, पण पोहोच कमी होते. लांब मुठीची बॅट लागते. मुलींना, लहान पोरांना आणि टेनिसवरून आलेल्यांना हा लवकर जमतो. टेबल टेनिस खेळलेल्यांना एका हाताचा जमतो. दोन्हीपैकी कुठला कोणाला शिकवायचा, हे ठरवायला माणूस लागतो. सीसीटीव्ही आणि बुकिंग अ‍ॅप ते ठरवत नाहीत.

आणि सराव? त्याला तर कोर्टही लागत नाही. एक भिंत लागते. भिंतीवर जमिनीपासून ३४ इंचांवर खडूची रेघ मारा, जाळी मधोमध तेवढीच उंच असते. सात फुटांवर उभे राहा आणि रेघेच्या जरा वर, हळू, नुसता बॅकहँड मारत राहा. सलग पन्नास झाले की एक पाऊल मागे. रोज वीस मिनिटं. दोन महिन्यांत फरक दिसतो. झेडपीच्या कुठल्या शाळेला भिंत नाही सांगा?

इथेच माझा राग आहे.

हा खेळ जन्मतःच स्वस्त आहे. बॅडमिंटनचं माप, म्हणजे शाळेच्या पटांगणात चुन्याने आखता येतं. बॉल प्लॅस्टिकचा, भोकांचा, पंचवीस ग्रॅमच्या आसपासचा. शटलसारखी पिसं तुटून रोज पैसे जात नाहीत. शिकताना लाकडी बॅट चालते. सर्व्हिस खालून करायची, त्यामुळे दहा वर्षांचं पोरही पहिल्याच दिवशी खेळायला लागतं. कबड्डी-खो-खो सोडले तर इतक्या कमी पैशात सुरू होणारे खेळ फार नाहीत.

आणि आपण त्याचं काय केलं? तासाला ६०० रुपये. हा आमच्या गावातला संध्याकाळचा दर आहे. चौघांत वाटला तर माणशी १५०. महिन्याला वीस दिवस खेळलं तर ३,००० रुपये. बॅट वेगळी, बूट वेगळे. हमालाच्या, गवंड्याच्या, शेतमजुराच्या पोराने हे कुठून आणायचे? ते पोर जाळीच्या बाहेर उभं राहून बघतं. बॉल बाहेर गेला की आणून देतं. ‘शहराच्या क्रीडा वैभवात भर’ म्हणजे हीच का?

आता कोणी म्हणेल, ‘मालकाने पैसे घातलेत, बँकेचा हप्ता आहे, लाइट बिल आहे, तो धर्मादाय करायला बसलाय का?’ बरोबर आहे. स्वतःच्या प्लॉटवर, स्वतःच्या पैशाने ज्याने कोर्ट केलं त्याने हजार रुपये घ्यावेत, माझं काही म्हणणं नाही. उलट त्याच्यामुळे गावात खेळ आला, त्याचं कौतुकच. रिकाम्या प्लॉटवर दारूच्या बाटल्या पडण्यापेक्षा कोर्ट बरं.

माझं भांडण दुसरीकडे आहे. जागा सार्वजनिक असेल तर?

लेआउट मंजूर होताना मोठ्या भूखंडात दहा टक्के मोकळी जागा सोडायचा नियम आहे. विकास आराखड्यात क्रीडांगणाची आरक्षणं असतात. ती जागा तुमची-माझी असते. आणि आता राज्यभरात अनेक ठिकाणी चालू झालेला प्रकार असा: जागा ‘विकसित’ करायला द्यायची, कंपाउंड मारायचं, टर्फ टाकायचा, कोर्ट आखायचं, बाहेर दराचा बोर्ड. काल जिथे पोरं फुकट विटी-दांडू, क्रिकेट, कबड्डी खेळत होती तिथे आज ‘विनापरवाना प्रवेश निषिद्ध’. कराराची प्रत मागायला जा, साहेब मीटिंगला असतात. पुन्हा जा, फाइल सापडत नाही. माहिती अधिकारात टाका, मग सापडते, आणि तीस वेळा वाचली तरी त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्द सापडत नाही.

खेळ वाईट नाही. मालकही वाईट नाही. वाईट आहे तो अटी नसलेला करार. आणि अटी घालायला कोणी जात नाही, कारण तिथे फीत नसते, फोटो नसतो. कोर्ट दाखवता येतं. बॅकहँड दाखवता येत नाही. तो यायला वर्ष लागतं आणि तोपर्यंत निवडणूक होऊन जाते.

आता आईवडिलांशी थोडं बोलतो.

ताई-दादा, गावात ‘राज्यस्तरीय’, ‘राष्ट्रीय निवड चाचणी’ अशा पिकलबॉल स्पर्धांचे बॅनर लागतील. एंट्री फी असेल, टी-शर्ट असेल, मेडल असेल. पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचारा: ही स्पर्धा कुठल्या संघटनेची? या खेळात देशात एकाहून जास्त संघटना आहेत आणि मान्यतेचा वाद दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलेला आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र कोणाचं, कुठल्या स्पर्धेचं, हे फार काटेकोर बघतात. ‘चालेल हो, सगळीकडे चालतं’ हे तोंडी उत्तर घेऊ नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा, लेखी विचारा. आणि हेही ध्यानात असू द्या, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नाही. त्यामुळे ‘पोरगं डायरेक्ट ऑलिम्पिकला’ असं सांगणाऱ्याला हात जोडा आणि घरी या.

म्हणून पोरांना खेळवू नका असं म्हणत नाहीये मी. जरूर खेळवा. पण मेडलसाठी नको, खेळ येण्यासाठी खेळवा. पोराने मेडल आणलं तर शाबासकी द्या, पण एक विचारा, ‘बॅकहँडने किती पॉइंट काढलेस?’ तो गप्प बसला तर समजा की मेडल ओपनिंगच्या ढकलाढकलीत मिळालंय. पुढच्या पातळीवर पहिल्या सर्व्हिसपासून समोरचा त्याच बाजूला बॉल टाकणार. गेम ११ पॉइंटांचा असतो. दहा मिनिटांत बॅग भरून गाडी स्टँडवर. जिल्ह्याच्या पोरांचं बाहेर गेल्यावर हे प्रत्येक खेळात होतं. जिद्द कमी नसते, अंगात ताकदही असते. पाया कोणी घातलेला नसतो.

नुसती टीका करून थांबणं सोपं आहे. म्हणून चार मागण्या मांडतो. नगरपरिषदेने, पंचायत समितीने, जो कोणी उभा राहणार असेल त्याने यावर हो किंवा नाही सांगावं.

१. सार्वजनिक जागेवरच्या प्रत्येक कोर्टाच्या करारात सकाळचे दोन तास नगरपरिषद आणि झेडपी शाळांच्या मुलांसाठी मोफत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्हे, बारा महिने. सकाळी दहापर्यंत ही कोर्टं तशीही रिकामीच असतात, मालकाचं नुकसान शून्य.

२. नवीन कोर्ट बांधायच्या आधी जे आहे त्यावर रेघा मारा. तालुका क्रीडा संकुलातला बॅडमिंटन हॉल तोच, माप तेच. फक्त किचनच्या रेषा नव्या आणि जाळी खाली, कडेला ३६ इंच, मधे ३४. खर्च? रंगाचा एक डबा.

३. बांधकामाला जेवढे पैसे, त्याचा काही हिस्सा माणसावर. प्रत्येक तालुक्यात निदान दोन शारीरिक शिक्षण शिक्षकांना नीट प्रशिक्षण द्या. त्यांना शिकवता आलं की पुढची वीस वर्षं गावाची सोय झाली. टर्फ पाच-सात वर्षांत उसवतो.

४. कबड्डी, खो-खो, कुस्तीची एक इंचही जागा यासाठी घ्यायची नाही. हा खेळ कुठेही बसतो, हीच तर त्याची खुबी आहे. कोर्टाला आजूबाजूची जागा धरून ३० बाय ६० फूट पुरतात. त्यासाठी अख्खं मैदान खायची गरज नाही. मैदान खाणाऱ्याला कोर्ट नको असतं, कंपाउंड हवं असतं.

बास. एवढंच. यात आकाशातला चंद्र कुठे मागितलाय?

काही मित्र फोन करून सांगतील, ‘अरे, रस्त्यात खड्डे आहेत, पाणी चार दिवसांआड येतं आणि तू बॅकहँड घेऊन बसलास!’ खड्ड्यांवर मी दर पावसाळ्यात लिहितो, पाण्यावर दर उन्हाळ्यात. पण खड्डा दिसतो, त्याला शिव्या द्यायला सगळे असतात. मैदान मात्र गुपचूप जातं. एका सकाळी पत्रे लागलेले असतात आणि गावाला कळतं तेव्हा करार वीस-तीस वर्षांचा झालेला असतो. खड्डा पुढच्या वर्षी बुजेल, मैदान परत येत नाही.

तेव्हा एवढं करा. तुमच्या वॉर्डातली मोकळी जागा कुठली, ती आराखड्यात कशासाठी राखीव आहे आणि आज तिथे काय आहे, हे कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका. मी सगळं एकत्र करून कागदासकट मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो. आणि ज्यांच्या घरी जुन्या बॅटी पडल्यात त्यांनी जवळच्या शाळेत नेऊन द्या. भिंत शाळेकडे आहे. खडूही आहे. पोरं तर आहेतच.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर इथेच भांडा, पण ‘खेळ गेला खड्ड्यात’ म्हणू नका. खेळाला खड्ड्यात घालणारे वेगळे आहेत आणि पुढच्या महिन्यात ते तुमच्या दारात मत मागायला येणार आहेत. त्यांना चहा पाजा, आणि विचारा, ‘साहेब, मैदानाचं काय?’